यीस्टच्या कळीवरून पेशीचक्राकडे

पेशीचक्र, म्हणजे एक पेशी वाढून तिच्या दोन होण्याचा क्रम, कसं नियंत्रित होतं हे उलगडल्याबद्दल लीलंड हार्टवेल, पॉल नर्स आणि टिम हंट यांना २००१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यातल्या हार्टवेल यांचं गाजलेलं काम झालं ते यीस्टवर, बेकरीत पाव फुगवायला वापरतात त्याच जिवावर.

सुरुवात मात्र यीस्टपासून नव्हती. एमआयटीतून पीएचडी करून ते सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये रेनाटो डुल्बेको यांच्याकडे गेले, तेव्हा विषय होता प्राण्यांच्या पेशींची वाढ. १९६५ मध्ये अर्व्हाइनच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात स्वतःची प्रयोगशाळा थाटताना त्यांच्या लक्षात आलं की अशा पेशींवर जनुकशास्त्र करायची साधनंच तेव्हा हाताशी नाहीत. यीस्ट दीड-दोन तासांत दुप्पट होतं. शिवाय ते गुणसूत्रांचा एकच संच घेऊनही जगतं, त्यामुळे एखादं जनुक बिघडलं की ते झाकायला दुसरी प्रत नसते. या एकेरी-दुहेरी अवस्थांचा उलगडा ओव्हिन विंगे यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत १९३० च्या दशकातच केला होता. १९६८ मध्ये हार्टवेल सिएटलला, हर्शेल रोमन यांच्या विभागात गेले. अमेरिकेतल्या यीस्ट-जनुकशास्त्राचं ते माहेरघरच.

अडचण अशी, की विभाजनाला लागणारं जनुक पार निकामी केलं तर पेशी वाढतच नाही. मग अभ्यासायचं काय? म्हणून त्यांनी २३ अंश सेल्सिअसला व्यवस्थित वाढणारी, पण ३६ अंशांना अडणारी उत्परिवर्तनं, म्हणजे एखाद्या जनुकात बदल झालेले यीस्टचे वाण, शेकड्यांनी गोळा केली. त्यांतली नेमकी विभाजनाची कोणती, हे ओळखायची युक्ती मला या सगळ्या कहाणीत सर्वांत देखणी वाटते. या यीस्टला कळी फुटते आणि ती वाढत वाढत वेगळी होते. म्हणजे कळी केवढी आहे ते पाहिलं की पेशी चक्रात कुठवर आली आहे ते नुसत्या सूक्ष्मदर्शकातूनही कळतं. ब्रायन रीड या पदवीच्या विद्यार्थ्याच्या मदतीने त्यांनी पेशींची तापमान वाढवताना आणि नंतर काही तासांनी छायाचित्रं घेतली. सर्वसाधारण बिघाड असेल तर पेशी जिथल्या तिथे थांबायच्या, लहानमोठ्या कळ्यांसकट. चक्रातला बिघाड असेल तर सगळ्यांचं रूप सारखं: काही उत्परिवर्तनांत प्रत्येक पेशीला मोठी कळी, काहींत कळीच नाही. हे काम १९७० मध्ये प्रसिद्ध झालं आणि काही वर्षांतच अशी तीसहून अधिक जनुकं हाती आली. त्यांना नाव मिळालं 'सीडीसी', म्हणजे 'सेल डिव्हिजन सायकल' (पेशीविभाजन-चक्र).

त्यातलं सीडीसी२८ चक्राच्या अगदी सुरुवातीलाच लागतं. नर्स वेगळ्याच जातीच्या यीस्टवर काम करत होते. त्यांना सापडलेलं सीडीसी२ हे त्याचंच भावंड निघालं आणि १९८७ मध्ये माणसातही तेच काम करणारं जनुक मिळालं.

हार्टवेल तिथे थांबले नाहीत. क्ष-किरणांनी डीएनए तुटला की यीस्ट विभाजन थांबवून आधी दुरुस्ती करतं, पण आरएडी९ हे जनुक बिघडलेलं असेल तर पेशी तशीच पुढे जाते आणि मरते. मग ते आणि टेड वाइनर्ट यांनी अशा पेशी औषध घालून मुद्दाम अडवून ठेवल्या. दुरुस्तीला सवड मिळताच त्यातल्या कितीतरी जास्त पेशी वाचल्या. म्हणजे दुरुस्तीची क्षमता शाबूत होती, थांबण्याचा हुकूम तेवढा सुटत नव्हता. या तपासणीच्या टप्प्यांना त्यांनी १९८९ मध्ये 'चेकपॉइंट' म्हटलं आणि तोच शब्द रूढ झाला.