वस्तरा व चामोटे

वस्तरा व चामोटे : दाढी करण्यासाठी किंवा डोके भादरण्यासाठी वापरले जाणारे, मुठीत मिटणारे उघड्या पात्याचे हत्यार म्हणजे वस्तरा. प्रत्येक वापरापूर्वी त्याची धार ज्या चामड्याच्या पट्टीवर नीट केली जाते ते चामोटे. दोन्ही वस्तू वेगळ्या विकल्या जात असल्या तरी साधन एकच आहे. चामोट्याशिवायचा वस्तरा फार तर काही दाढ्या पुरतो. नवशिक्यांच्या बहुतेक तक्रारी वस्तऱ्याबद्दल असतात आणि त्यांचे मूळ बहुधा चामोट्यावर सापडते.

‘वस्तरा’ हा शब्द फार्सी ‘उस्तुरा’ यावरून आल्याचे सामान्यतः मानतात. हिंदीत तो ‘उस्तरा’ असा रूढ आहे. ‘हजामत’ या शब्दाचे मूळ अरबी ‘हिजामा’, म्हणजे तुंबडी लावून रक्त काढणे, हे आहे. रक्त काढणे व केस उतरवणे ही कामे एकाच हाताची होती, याची खूण त्यात उरली आहे. संस्कृतात वस्तऱ्याला ‘क्षुर’ म्हणतात आणि ‘क्षौर’ हा शब्द त्यावरूनच झाला. ग्रीक ‘क्सुरॉन’ हा त्याचा सगोत्र शब्द असल्याने या हत्याराचे नाव बरेच प्राचीन ठरते.

धार लावण्याच्या साधनाचा सर्वांत जुना भारतीय उल्लेख म्हणून ऋग्वेदातील एक ऋचा (८.४.१६) दाखवली जाते. ‘भुरिजांमधील क्षुराप्रमाणे आम्हाला तीक्ष्ण कर’ असा तिचा आशय आहे. ‘भुरिज्’ हा शब्द येथे द्विवचनात येतो आणि त्याचा अर्थ वादग्रस्त आहे. निघंटूत (वैदिक शब्दांच्या प्राचीन कोशात) तो बाहूंच्या नावांत दिला असल्याने परंपरेने ‘न्हाव्याच्या हातांतील क्षुर’ असा अर्थ लावला गेला. जर्मन संस्कृतज्ञांपैकी रोट यांनी ‘कात्री’ हा अर्थ सुचवला, तर पिशेल यांनी धार लावण्याच्या दुहेरी साधनाकडे लक्ष वेधले. ऋचेतील क्रियापद तीक्ष्ण करण्याचे आहे आणि कात्रीत क्षुर पाजवला जात नाही, त्यामुळे शेवटचा अर्थ संदर्भाला अधिक जुळतो. मात्र ते साधन दगडाचे की चामड्याचे, हे ऋचेतून ठरत नाही. चामोट्याचा इतिहास थेट वेदकाळापर्यंत नेणे म्हणूनच घाईचे होईल.

आजच्या घडणीचा वस्तरा युरोपीय आहे. शेफील्ड येथे बेंजामिन हंट्समन यांनी १७४० च्या सुमारास मुशीतील पोलाद तयार केल्यानंतर एकजिनसी, कठीण पाती करता येऊ लागली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेली पाती प्रचारात आली आणि त्यात जर्मनीतील झोलिंगेनने आघाडी घेतली. १९०३ मध्ये जिलेटचा बदलत्या पात्याचा रेझर विक्रीला आल्यावर वस्तरा हळूहळू घरांतून गेला. न्हाव्याच्या धोकटीत (काही ठिकाणी धोपटीत) तो त्यानंतरही कित्येक दशके होता.

रचना : पात्याला धार, पाठ, टोक आणि मान हे भाग असतात. मानेच्या मागची वाकलेली शेपटी करंगळीसाठी असते. पात्याची रुंदी इंचाच्या अष्टमांशांत मोजतात. आपल्याकडच्या सुतार-लोहाराच्या मापात हा अष्टमांश म्हणजे एक सूत. नवशिक्याने पाच किंवा सहा सुती पाते घ्यावे (सुमारे १६ ते १९ मिमी). चार सुती पाते फार लवचिक वाटते, तर आठ सुती पाते नाकाखाली अडते. टोक गोल असावे. चौकोनी टोक कानाच्या पाळीला पहिल्याच आठवड्यात लागते.

पाठीची जाडी सहज म्हणून ठेवलेली नसते. दगडावर व चामोट्यावर पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकतात, त्यामुळे धारेचा कोन पाठच ठरवते. रुंदी १९ मिमी आणि पाठ सुमारे ५.५ मिमी असेल तर एकूण कोन १६ ते १७ अंश येतो. जुना वस्तरा घेताना पाठीवर रुंद चकचकीत पट्टे दिसले तर कोणीतरी तो दगडावर दाबून झिजवला आहे असे समजावे.

मुंबईत जुने शेफील्ड व झोलिंगेनचे वस्तरे पाहायचे तर चोरबाजारातील मटन स्ट्रीट चाळावी लागते. घेण्यापूर्वी पाते उजेडासमोर धरून धारेवर नखाएवढी तरी खाच आहे का ते पाहावे. वस्तरा उघडून-मिटून पाहावा आणि धार मुठीच्या बरोबर मध्ये बसते का हे तपासावे. पाठीवरचा गंज निघतो. धारेवरचा काळा खड्डा आतपर्यंत गेलेला असतो आणि तेथे धार टिकत नाही. नवा असो वा जुना, वस्तरा दाढीला तयार आहे असे गृहीत धरू नये. सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याकडे तो कधीही देऊ नये. सुरी-कात्रीसाठी ते चाक ठीक असते. वस्तऱ्याची कागदासारखी पातळ धार मात्र त्यावर क्षणात तापते, पोलादाचे पाणी (कठीणपणा) उतरते आणि ते पाते पुन्हा कामाचे राहत नाही.

चामोटे : पट्टी साधारण ७.५ सेंमी रुंद, ४५ ते ६० सेंमी लांब आणि ३ मिमीच्या आसपास जाड असावी. पात्याची लांबीही जवळपास ७.५ सेंमी असल्याने एवढ्या रुंदीत पूर्ण धार एका वेळी बसते. पट्टी अरुंद असल्यास पाते टाचेकडून (मानेजवळच्या भागाकडून) टोकाकडे तिरके सरकवत न्यावे लागते. चामडे झाडाच्या सालीत कमावलेले, वर रंग किंवा चकाकीचा थर नसलेले हवे. असे चामडे धारावीतील चामड्याच्या दुकानांत मिळू शकते. बॅगांसाठीचे मऊ, रंगीत चामडे मात्र चालत नाही, कारण ते पात्याखाली दबते आणि धारेच्या वर चढते. चामड्यामागे जाड सुती कॅनव्हासची दुसरी पट्टी असल्यास उत्तम.

चामोटे नेमके काय करते याविषयी मतभेद आहेत. धारेच्या सूक्ष्म दात्यांना दाढीने वाकवलेले असते आणि चामोटे त्यांना सरळ करते, असे जुने स्पष्टीकरण आहे. आयोवा स्टेट विद्यापीठातील जॉन व्हरहोव्हन यांनी २००४ मध्ये सुऱ्यांच्या धारेवर केलेल्या प्रयोगांत नुसत्या स्वच्छ चामड्याचा परिणाम थोडा, तर क्रोमियम ऑक्साइड (घासून चकाकी आणणारी बारीक पूड) लावलेल्या चामड्याचा स्पष्ट दिसला. हा निष्कर्ष वस्तऱ्याला जसाच्या तसा लावता येत नाही. सुरीच्या धारेवर दगडाने उठलेली कोर (कारखान्यातील भाषेत बर) बरीच जाड असते. नीट पाजवलेल्या वस्तऱ्याची धारच अर्ध्या मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले, की पोलादापेक्षा कितीतरी मऊ असलेला केसही विशिष्ट कोनात धारेचे बारीक टवके उडवतो. धार केवळ वाकत नाही, तुटतेही, असा त्याचा अर्थ. तेव्हा चामोटे रोजची छोटी दुरुस्ती करते आणि टवके साठले की दगड लागतोच, हे मत व्यवहाराशी अधिक जुळते. दोन दाढ्यांमध्ये वस्तऱ्याला एक-दोन दिवस ‘विश्रांती’ द्यावी, हा जुन्या कारागिरांचा सल्लाही प्रसिद्ध आहे. त्यातला निश्चित लाभ एवढाच, की पाते पूर्ण कोरडे होते.

चामोट्यावर फिरवणे : दगडावर धार पुढे ठेवून पाते ढकलतात, चामोट्यावर पाठ पुढे ठेवून ओढतात. हा एक फरक विसरला तर पट्टी कापली जाते. चामोट्याचे एक टोक कडीला अडकवून दुसरे ताणून धरावे. पट्टीला झोल पडला तर धार गोल होते, आणि नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक हीच असते. पाठ व धार दोन्ही टेकवून, पात्याच्या वजनाइतक्याच भाराने न्यावे. टोकाशी पोचल्यावर पाठ पट्टीवरच ठेवून वस्तरा पाठीवर उलटावा आणि परत यावे. धारेवर उलटवल्यास चामड्यात चीर पडते व धारही मोडते. वस्तरा मनगटातून न वळवता अंगठा व तर्जनी यांत मानेवर लाटण्यासारखा फिरवावा. जाणे-येणे मिळून एक फेरी. कॅनव्हासवर २० आणि चामड्यावर ४० ते ५० फेऱ्या पुरतात.

पहिले आठ-दहा दिवस दाढी न करता केवळ हे शिकावे आणि त्यासाठी बोथट वस्तरा वापरावा. एका फेरीला दोन सेकंद लागले तरी हरकत नाही. न्हाव्याचा ‘फट्-फट्’ वेग वर्षांच्या सरावाचा असतो आणि त्याची नक्कल करताना पाठ उचलली जाते. पाठ एकदा उचलली गेली की आधीच्या चाळीस फेऱ्यांचा उपयोग राहत नाही. हिरव्या क्रोमियम ऑक्साइडची पेस्ट वेगळ्या पट्टीवर ठेवावी आणि धार मंदावली तरच पाच-दहा फेऱ्या माराव्यात. रोज वापरल्यास धारेची कड गोलावत जाते.

दाढी : केस कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटे भिजवावेत आणि साबणाचा फेस ब्रशने मुळांपर्यंत पोचवावा. तीन बोटे मानेवर, अंगठा खाली व करंगळी शेपटीवर अशी पकड धरावी. दुसऱ्या हाताने कातडी ताणावी. पाते गालाशी सुमारे ३० अंश ठेवून दोन-तीन सेंमीचे छोटे हात मारावेत. कोन वाढला तर पाते खरवडते, फार कमी झाला तर केस ओढते. पाते आडवे मात्र कधीही सरकवू नये. जखमा होतात त्या त्यानेच. पहिल्या आठवड्यात फक्त गाल करावेत आणि बाकी नेहमीच्या रेझरने. मग गळा, आणि हनुवटी व वरचा ओठ शेवटी. आधी सुलट हात (केसांच्या दिशेने), उलट हात महिनाभराने. केस ओढले जात असतील तर दाब न वाढवता थांबून पुन्हा चामोट्याकडे जावे. शेवटी गार पाणी आणि ओली तुरटी.

दगड : चामोटे उपयोगी पडेनासे झाले, म्हणजे साधारण काही महिन्यांनी, वस्तरा पाजवावा लागतो. दगडाचा क्रमांक जितका मोठा तितका तो बारीक. धार नव्याने बसवायला १००० क्रमांकाचा दगड, मग ४००० ते ५०००, ८००० आणि शेवटी १२००० लागतो. नुसत्या मंद झालेल्या धारेला शेवटचे दोन पुरतात. दगड (निसणा) अगदी सपाट हवा.

निगा : कार्बन पोलाद गंजते, आणि मुंबईत ते लवकर गंजते. पावसाळ्यात हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते आणि किनाऱ्याजवळ तिच्यात मीठही असते. दाढीनंतर पाते पाठीकडून धारेकडे पुसावे, पाते व मूठ जोडणाऱ्या खिळीत पाणी जाऊ देऊ नये, कोरड्या चामोट्यावर पाच-सहा फेऱ्या माराव्यात आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब लावावा. खोबरेल तेल चिकट होते. न्हाणीघरात किंवा चामड्याच्या पिशवीत वस्तरा ठेवू नये. ओल धरणारे चामडे एका रात्रीत धारेवर ठिपके आणते. चामोट्यावर पांढरी बुरशी आल्यास कोरड्या फडक्याने पुसून ते पंख्याखाली टांगावे, उन्हात टाकू नये.

मुंबईतील व्यवसाय : शहराच्या सामाजिक इतिहासात वस्तऱ्याचा एक ठळक प्रसंग आहे. १८९० च्या सुमारास येथील न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. या संपाचे श्रेय काही लेखक जोतीराव फुले यांना देतात. मुंबईतील संघटनेपुरते ते सत्यशोधक कार्यकर्ते व गिरणी कामगारांचे नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्याकडे जाते असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

सलूनमधून अखंड पात्याचा वस्तरा गेला तो मुख्यतः एचआयव्ही व कावीळ ब यांच्या धास्तीने. कावीळ ब चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस टिकू शकतो, आणि रक्त लागलेले चामडे उकळून निर्जंतुक करता येत नाही. म्हणून घरातही एका वस्तऱ्याला व चामोट्याला एकच माणूस असावा. आज सलूनमध्ये दुधारी ब्लेडचा अर्धा तुकडा घालायचा वस्तरा चालतो आणि प्रत्येक गिऱ्हाइकामागे तो तुकडा बदलतात. त्याला चामोटे लागत नाही. कोन व कातडी ताणणे शिकायला नवशिक्याला तो उपयोगी आहे, पण वजनाने हलका आणि धारेने कडक असल्याने चूक कमी सोसतो.