एक्स्टसीचे बळी: आलेख चढला-उतरला कशाने?

एक्स्टसी या नशेच्या गोळ्यांमुळे होणाऱ्या मृत्यूंचा आलेख गेल्या तीन दशकांत अनेकदा चढला आणि उतरला. त्याचा संबंध तरुणांच्या हौसेपेक्षा गोळीत प्रत्यक्षात काय व किती भरलेले होते याच्याशी अधिक आहे, हे ब्रिटनच्या अनुभवावरून स्पष्ट दिसते.

गोळीतील मूळ द्रव्य एमडीएमए. जर्मनीतील मर्क कंपनीत ते 1912 मध्ये तयार झाले. ब्रिटनने 1977 मध्ये आणि अमेरिकेने 1985 मध्ये त्यावर बंदी घातली; तरीही 1988 पासून ब्रिटनमधल्या रात्रभर चालणाऱ्या रेव्ह पार्ट्यांत ते सर्रास मिळू लागले. गर्दीत तासन्‌तास नाचताना शरीराचे तापमान धोकादायक पातळीवर जाते, म्हणून भरपूर पाणी प्या, असा सल्ला तेव्हा दिला जाई. परंतु हे द्रव्य लघवीवाटे पाणी बाहेर टाकण्याची क्रियाही मंदावते. 1995 मध्ये एसेक्समधील एक 18 वर्षांची मुलगी दगावली ती गोळी घेतल्यानंतर थोड्या वेळात कित्येक लिटर पाणी प्यायल्यामुळे. रक्तातील सोडियम घटून तिच्या मेंदूला सूज आली होती. वर्तमानपत्रांनी मात्र दोष केवळ गोळीवर ठेवला, आणि पाण्याविषयीची ही महत्त्वाची माहिती मागे पडली.

आलेखाला खरे वळण मिळाले ते कंबोडियात. एमडीएमए बनवण्यासाठी लागणारे सॅफ्रोल तेल तिथल्या जंगलातील झाडांपासून काढले जाई. जून 2008 मध्ये ऑस्ट्रेलियन पोलिसांच्या मदतीने असे 33 टन तेल जाळण्यात आले, युरोपात एमडीएमएची टंचाई झाली आणि 2010 मध्ये इंग्लंड व वेल्समध्ये एक्स्टसीशी संबंधित मृत्यू अवघ्या 8 वर आले. हे यश फसवे होते. रिकाम्या जागी पीएमए हे अधिक घातक नशेचे द्रव्य आले: त्याचा अंमल उशिरा चढतो, त्यामुळे गोळी कमजोर आहे असे समजून लोक दुसरी घेतात, आणि तेवढ्यात ताप आवाक्याबाहेर जातो. पीएमएमुळे 2011 मध्ये 1, तर 2013 मध्ये 29 मृत्यू नोंदले गेले.

पुढे उत्पादकांनी सॅफ्रोलऐवजी दुसरी रसायने शोधली, एमडीएमए परतले आणि गोळ्या पूर्वीपेक्षा कितीतरी तीव्र झाल्या. 2018 मध्ये एक्स्टसीशी संबंधित मृत्यूंची संख्या 92 झाली.

नेदरलँड्समध्ये 1992 पासून लोकांनी आणून दिलेल्या गोळ्या तपासून घातक नमुन्यांबाबत इशारा देण्याची व्यवस्था आहे. डिसेंबर 2014 मध्ये ‘सुपरमॅन’चे चिन्ह असलेल्या गोळ्यांत पीएमएचाच भाऊबंद पीएमएमए सापडताच तिथे देशभर सूचना गेली. ब्रिटनमध्ये त्याच गोळ्यांनी काही दिवसांतच चौघांचा बळी घेतला. तिथे संगीत महोत्सवाच्या आवारात अशी तपासणी सर्वांसाठी खुली झाली ती 2016 मध्ये.