आवाज बसला की खडीसाखर कुठं जाते?

जून संपत आला की आमच्या परभणीकडं स्टाफरूममध्ये एकच डायलॉग, "मॅडम, आवाज पार बसलाय हो." मग कुणी पर्समधून ज्येष्ठमध काढतं, कुणी लवंग-खडीसाखर. घशाला बरं वाटतं हे खरं, पण आवाज जिथं तयार होतो तिथं यातलं काहीच पोचत नाही, पाणीसुद्धा नाही. गिळलेलं सगळं अन्ननलिकेत जातं आणि स्वरतंतू असतात श्वासनलिकेच्या तोंडाशी, तिथं थेंबभर पाणी गेलं तरी ठसका लागतो. पाणी प्यायचंच, पण ते अंगात भिनून तंतूंना ओलावा मिळायला वेळ लागतो, म्हणून तास संपल्यावर घटाघटा पिण्यापेक्षा सकाळपासून थोडं थोडं प्या.

तंतू नुसतं म्हणायला, असतात दोन मऊ घड्या. बोलताना त्या एकमेकींवर आपटतात, पुरुषांच्या सेकंदाला साधारण 100 ते 125 वेळा, बायकांच्या 200 च्या आसपास. म्हणजे बाईंच्या तोंडून तासाभरात नुसता 15 मिनिटं जरी आवाज निघाला तरी 1,80,000 टाळ्या झाल्या! त्यात ओरडलं की टाळी जोरात बसते, आणि रोज तेच झालं की विळा धरून हाताला घट्टे पडतात तशा तिथं बारक्या गाठी येतात, मग आवाज घोगरा.

आता आपण ओरडतो कशानं? वर पत्रे, डोक्यावर खडखडणारा पंखा, शेजारचा वर्ग पाढे म्हणायलाय, आपला आवाज आपोआपच चढतो. एतिएन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं 1911 मध्येच हे मांडलं होतं, म्हणून याला लोंबार इफेक्ट म्हणतात. गंमत म्हणजे पोरांनाही तो लागू आहे, आपण चढलो की तीही चढतात. त्यापेक्षा टाळी वाजवा, गप्प उभं राहा, मागच्या बाकापर्यंत चालत जा. (पंखा बंद करा असं लिहिणार होते, पण मराठवाड्यात जूनमध्ये? पोरं मारतील.)

आवाज बसल्यावर कुजबुजत शिकवणं हाही गैरसमजच, जोर लावून कुजबुजलं तर घशावर ताण येतोच. सारखं खाकरणंही तसंच, त्यात घड्या दणकन आपटतात, त्यापेक्षा आवंढा गिळा.

मला खरा फरक पडला तो नारळपाण्याच्या स्ट्रॉनं. स्ट्रॉ ओठात धरून त्यातून पाचेक मिनिटं हळू "ऊऽऽ" करायचं, नळीतून हवेचा उलटा दाब येतो आणि घड्या अलगद मिटतात. स्टाफ हसतो, हसू द्या. तीन आठवडे होऊनही आवाज सुटला नाही तर मात्र कान-नाक-घसावाल्या डॉक्टरकडून दुर्बिणीनं बघून घ्या, आणि घरात कुणी तंबाखू-विडीवाले सर असतील तर त्यांना तेवढीही वाट बघू देऊ नका.