चित्रं चालतात ती फटीमुळे

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत एक प्रयोग हमखास असतो: मोटारीवर फिरणारी पुठ्ठ्याची चकती आणि तिच्यावर पळणारा घोडा. शेजारच्या तक्त्यावर कारणही ठरलेलं असतं. 'दृष्टिसातत्य', म्हणजे प्रतिमा डोळ्यात 1/16 सेकंद टिकते म्हणून चित्र हलताना दिसतं. हे कारण अपुरं आहे, आणि ते तिथल्या तिथे तपासता येतं. फिरती चकती समोरून, नुसत्या डोळ्यांनी पाहा. प्रतिमा आताही टिकतेच आहे, पण दिसतो तो एक राखाडी पट्टा. टिकलेल्या प्रतिमा एकमेकींवर चढतात, त्यातून घोडा पळत नाही.

ही चकती जुनी आहे. 1832च्या सुमारास बेल्जियमचे जोसेफ प्लातो आणि व्हिएन्नाचे सिमोन श्टाम्प्फर यांनी ती एकमेकांच्या नकळत बनवली. दोघांनीही चकतीला फटी पाडल्या होत्या.

काळ्या जाड पुठ्ठ्याची 24 सेमी व्यासाची चकती कापा. तिचे 12 समान भाग करा आणि प्रत्येक भागात कडेपासून आत 3 मिमी रुंद, 2 सेमी लांब फट पाडा. फटींच्या आतल्या बाजूला, केंद्रापासून 8 सेमीवर, हालचालीच्या 12 अवस्था काढा. खेळण्यातली साधी मोटार नको, ती मिनिटाला हजारो फेरे मारते. रोबोटिक्सच्या किटमध्ये मिळणारी पिवळी गिअरची मोटार, जिला दुकानदार 'बीओ मोटर' म्हणतात, ती मिनिटाला 60 फेऱ्यांची घ्या. आता चित्रं आरशाकडे करून मागून फटींतून बघा.

फटीचं काम आकड्यांत फार सुंदर दिसतं. फटींच्या वर्तुळाचा परीघ साधारण 69 सेमी, म्हणजे फट सेकंदाला 69 सेमी सरकते आणि डोळ्यासमोर जेमतेम 1/230 सेकंद राहते. तेवढ्यात चित्र हलतं सुमारे 2 मिमी, त्यामुळे ते पुसट होत नाही. बाराही फटींची रुंदी मिळून 36 मिमी. म्हणजे सुमारे 95 टक्के वेळ डोळ्यासमोर नुसता काळा पुठ्ठा असतो! मेंदूला मिळतात ती सेकंदाला 12 सुटी, स्थिर चित्रं. त्यांच्यामधली हालचाल मेंदू स्वतः रचतो. मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्टहायमर यांनी 1912 मध्ये केवळ दोन रेषा आळीपाळीने दाखवून हे सिद्ध केलं. मेंदूत हालचाल ओळखणारा वेगळा भाग आहे. तो निकामी झालेल्या एका रुग्णेचं वर्णन 1983 मध्ये प्रसिद्ध झालं. कपात ओतला जाणारा चहा तिला गोठल्यासारखा दिसे.

फिरत्या चकत्या दाखवून मुलांचा 'मेंदू जागृत' करून देऊ असं कुणी म्हटलं, तर त्याला फी देऊ नका. मेंदू हे काम कुठल्याही शिकवणीशिवाय करतो.

आता फटी 12च ठेवून चित्रं 13 काढा. एक फट जाऊन दुसरी येईपर्यंत चकती 1/12 फेरा फिरते, म्हणजे चित्रांच्या हिशेबात 13/12 घरं (एका चित्राची जागा म्हणजे एक घर). दर वेळी 1/12 घर जास्त, म्हणून घोडे चकतीच्या दिशेने पुढे सरकतात. 11 काढलीत तर उलटे. सिनेमात गाडीची चाकं उलटी फिरताना दिसतात तीही याच हिशेबाने.