सैल स्क्रू मेगरला दिसत नाही

9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली आणि 10 बालके दगावली. त्यानंतर राज्यभरातील रुग्णालयांच्या तपासणीचे आदेश निघाले आणि ‘इलेक्ट्रिकल ऑडिट’ हा शब्द सर्वांच्या तोंडी आला. या ऑडिटमध्ये नेमके काय मोजायला हवे, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

वीज कायदा 2003 च्या कलम 162 नुसार राज्य सरकार विद्युत निरीक्षक नेमते. तपासणीतली नेहमीची चाचणी मेगरची, म्हणजे इन्सुलेशनचा (तारेवरच्या वीजरोधक आवरणाचा) रोध मोजणाऱ्या उपकरणाची. वीज बंद करून आणि उपकरणे सोडवून तार व अर्थिंग (जमिनीशी केलेली जोडणी) यांच्यामध्ये मिनिटभर 500 व्होल्टचा एकदिश दाब द्यायचा. इन्सुलेशनचा रोध किमान 1 मेगाओहम भरला पाहिजे. एवढ्या रोधातून 230 व्होल्टला पाव मिलिअँपिअरहूनही कमी प्रवाह गळतो, म्हणून ही कसोटी रास्त आहे.

पण ती इन्सुलेशनची कसोटी आहे, सांध्याची नाही. डीबीतला (वीज वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युशन बोर्डातला) तार आवळणारा एखादा स्क्रू सैल झाला आणि तिथला रोध अर्ध्या ओहमपर्यंत वाढला, असे समजू. 10 अँपिअर प्रवाहाला त्या नखाएवढ्या जागी 50 वॉट उष्णता निर्माण होते, म्हणजे सोल्डरिंग आयर्नइतकी. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट, 200 वॉट. तापलेल्या तांब्यावर ऑक्साइड चढते, त्याने रोध आणखी वाढतो आणि सांधा आणखी तापतो. एवढे होऊनही एमसीबी (जादा प्रवाहाला वीज तोडणारा स्विच) पडत नाही, कारण प्रवाह मर्यादेतच असतो; आरसीसीबीही (गळणाऱ्या प्रवाहाला वीज तोडणारा स्विच) पडत नाही, कारण फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पुरता परत येतो.

म्हणूनच रुग्णालयाची तपासणी केवळ वीज बंद ठेवून करणे मला अपुरे वाटते. वॉर्मर, व्हेंटिलेटर, एसी असा पूर्ण भार चालू असताना डीबीचे झाकण उघडून प्रशिक्षित माणसाने थर्मल कॅमेऱ्याने (तापलेली जागा उजळ दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने) फोटो घेऊन पाहिले पाहिजे. सारखाच भार असलेल्या तीन फेजांपैकी एकाच फेजचा सांधा उजळ दिसला, तर दोष तिथेच शोधावा. वीज बंद करून करपलेले टोक कापावे, नवी लग (तारेच्या टोकाची धातूची टोपी) दाबून क्रिंप करावी, स्क्रू ठरलेल्या जोराने आवळावा आणि पुन्हा तेवढ्याच भारावर तोच फोटो घेऊन दोन्ही फोटो अहवालाला जोडावेत.