ह्यूगो आणि नेब्युला: दोन याद्या, दोन वेगळे मतदार

विज्ञानकथा आणि फँटसी यांचे चाहते सध्या काय वाचत आहेत, हे जाणून घ्यायला निघालेल्या वाचकाच्या हाती सर्वांत आधी दोन पुरस्कारांच्या याद्या पडतात, ह्यूगो आणि नेब्युला. दोन्ही पुरस्कार अमेरिकेत सुरू झाले. दोन्हींत विज्ञानकथा आणि फँटसी एकाच रांगेत बसतात आणि कादंबरी, लघुकादंबरी, दीर्घकथा व लघुकथा हे चार विभाग शब्दसंख्येच्या त्याच मर्यादांवर आखलेले आहेत. विजेत्याला रोख रक्कम मिळत नाही, मिळते ते मानचिन्ह. त्यातच अनेकदा एकच पुस्तक दोन्ही याद्यांत असते आणि प्रकाशक मुखपृष्ठावर दोन्ही नावे एकाच ओळीत छापतात. त्यामुळे हे दोन्ही पुरस्कार म्हणजे एकाच गोष्टीची दोन नावे आहेत, असा समज सहज होतो. वास्तविक, दोन्ही याद्या तयार करणारी माणसे वेगळी आहेत आणि यादी वाचताना हा फरक ध्यानात ठेवला, तर तिच्यातून बरेच अधिक हाती लागते.

ह्यूगो हा वाचकांचा पुरस्कार आहे. वर्ल्डकॉन हे विज्ञानकथा-चाहत्यांचे संमेलन १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये प्रथम भरले आणि दुसऱ्या महायुद्धातील खंड वगळता दरवर्षी वेगळ्या शहरात भरत आले आहे. १९५३ साली फिलाडेल्फियाच्या संमेलनात पहिले ह्यूगो देण्यात आले. केवळ विज्ञानकथांना वाहिलेले इंग्रजी मासिक १९२६ साली सुरू करणारे ह्यूगो गर्न्सबॅक यांचे नाव या पुरस्काराला लाभले आहे. मतदार कोण, तर त्या वर्षीच्या वर्ल्डकॉनचा सभासद होणारी कोणतीही व्यक्ती. लेखक, समीक्षक किंवा प्राध्यापक असण्याची अट नाही. सुमारे पन्नास डॉलर भरून मतदानापुरते सभासदत्व घेता येते आणि त्यासाठी संमेलनाला प्रत्यक्ष जाण्याचीही गरज नसते. चाहत्यांनी चालवलेली नियतकालिके आणि पॉडकास्ट, चित्रकार, संपादक यांच्यासाठीही ह्यूगोमध्ये स्वतंत्र विभाग आहेत. या पुरस्काराची मुळे चाहत्यांच्या चळवळीत आहेत, हे त्यावरून दिसते.

नेब्युला हा लेखकांनी लेखकांना दिलेला पुरस्कार आहे. अमेरिकेतील विज्ञानकथा व फँटसी लेखकांची संघटना १९६५ साली डेमन नाइट यांच्या पुढाकाराने स्थापन झाली आणि तिने पुढच्याच वर्षी पहिले नेब्युला दिले. या संघटनेचे पूर्ण सभासदत्व मिळवण्यासाठी लेखनातून ठरावीक उत्पन्न मिळालेले असावे लागते. आपल्याकडे मात्र एक गैरसमज वारंवार आढळतो. नेब्युला म्हणजे साहित्य अकादमीसारखा, मोजक्या परीक्षकांनी बंद खोलीत बसून ठरवलेला पुरस्कार, असे अनेक वाचक धरून चालतात. तसे नाही. नेब्युलाही मतदानानेच ठरतो. फक्त मत देणारे स्वतः हा व्यवसाय करणारे असतात. शिवाय यातले कित्येक लेखक वर्ल्डकॉनचे सभासद असतात आणि ह्यूगोलाही मत देतात. म्हणून वाचक एकीकडे आणि लेखक दुसरीकडे, अशी कडेकोट विभागणी करणेही चुकीचेच ठरेल.

सर्वांत अधिक घोटाळा होतो तो वर्षाच्या आकड्यात. ह्यूगोचे वर्ष म्हणजे तो प्रदान करण्याचे वर्ष, तर नेब्युलाचे वर्ष म्हणजे पुस्तक प्रसिद्ध झाल्याचे वर्ष. त्यामुळे ‘२०२४चा ह्यूगो’ आणि ‘२०२४चा नेब्युला’ हे एकाच वर्षाच्या पुस्तकांचे पुरस्कार नाहीत. पहिला २०२३च्या पुस्तकांसाठी आहे आणि दुसरा २०२४च्या पुस्तकांसाठी, २०२५ साली दिलेला. या दोन आकड्यांची सांगड नीट न घातल्यामुळे एकाच पुस्तकाला दोन वेगळ्या वर्षांचे मानले जाते किंवा एकमेकांशी कधीच स्पर्धेत नसलेल्या पुस्तकांची तुलना होते. पुढील मजकुरात मी प्रकाशनवर्षच धरून चाललो आहे.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या दोन कादंबऱ्या पाहिल्या, की मतदारांमधला फरक कुठे जाणवतो हे समजते. ह्यूगो मिळाला एमिली टेश यांच्या ‘सम डेस्परेट ग्लोरी’ला. परग्रहवासीयांनी पृथ्वी नष्ट केली आहे आणि उरलेल्या मूठभर माणसांच्या एका अंतराळतळावर किर नावाची मुलगी सूडासाठीच वाढवली जात आहे. आपल्याला शिकवलेले सगळे खरे आहे, असे ती मनापासून मानते आणि कादंबरी तिचा हा विश्वास एकेक चिरा काढावा तसा उतरवत नेते. कथानकाचा वेग जबरदस्त आहे. वाचक किरवर चिडतो, तरी तिला सोडू शकत नाही. नेब्युला मिळाला श्रीलंकेचे लेखक वज्र चंद्रसेकर यांच्या ‘द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स’ला. त्यातल्या फेटरला सावली नाही. जन्मतःच आईने ती त्याच्यापासून तोडली आहे आणि देवत्वाला पोहोचलेल्या बापाला ठार मारण्यासाठी तिने त्याला वाढवले आहे. पण हे नियत कर्म बाजूला ठेवून तो एका मोठ्या शहरात येतो आणि आपल्यासारख्याच, भविष्यवाणीने निवडलेल्या पण पुढे उपयोगी न पडलेल्या माणसांच्या आधारगटात जाऊन बसू लागतो. त्या शहरात जागोजागी रंगवलेली, कधीच न उघडणारी दारे आहेत. बौद्ध परंपरा, धार्मिक दंगली, निर्वासितांच्या छावण्या आणि सरकारी कागदपत्रे यांचे जे मिश्रण चंद्रसेकर करतात ते भारतीय उपखंडातल्या वाचकाला अंगावर येण्याइतके ओळखीचे वाटते. कादंबरी मध्येच दिशा बदलते आणि निवेदक कोण आहे हे फार उशिरा कळते. रचनेतला असा धोका पत्करणाऱ्या पुस्तकाला लेखकांनी मत द्यावे, याचे मला आश्चर्य वाटत नाही. तरीही हेच पुस्तक ह्यूगोच्या अंतिम यादीत होते, हे विसरता कामा नये. वाचकांनी ते नाकारले नव्हते.

२०२४च्या पुस्तकांतही वाटा वेगळ्याच राहिल्या. जॉन विस्वेल यांची ‘समवन यू कॅन बिल्ड अ नेस्ट इन’ ही राक्षसीच्या नजरेतून सांगितलेली प्रेमकथा दोन्ही अंतिम याद्यांत होती आणि तिला नेब्युला मिळाला. ह्यूगो मात्र रॉबर्ट जॅक्सन बेनेट यांच्या ‘द टेंटेड कप’ला मिळाला आणि ती कादंबरी नेब्युलाच्या अंतिम यादीत नव्हतीच. घराबाहेर क्वचितच पडणारी, डोळ्यांवर पट्टी बांधून विचार करणारी तपास अधिकारी आणि पाहिलेले काहीच न विसरणारा तिचा साहाय्यक, अशी ही जोडी आहे. समुद्रातून येणाऱ्या महाकाय प्राण्यांनी ग्रासलेल्या साम्राज्यात ते एका खुनाचा माग काढतात. हेरकथेचा बांधीव साचा फँटसीत इतका नेटका बसवलेला मी अलीकडे वाचला नव्हता.

मतमोजणीची पद्धत नीरस वाटेल, पण याद्या कशा बनतात ते तिथेच कळते. २०१५ साली काही गटांनी ठरवून एकगठ्ठा नामांकने केली आणि ह्यूगोचे अनेक विभाग त्यांच्याच पसंतीने भरून गेले. ह्यूगोच्या मतपत्रिकेवर ‘कोणासही पुरस्कार नाही’ असा एक पर्याय कायम असतो. मतदारांनी त्या वर्षी तो पाच विभागांत निवडला. त्याच वर्षी मार्को क्लूस या लेखकाने आपली कादंबरी यादीतून मागे घेतली आणि रिकाम्या झालेल्या जागी लिऊ त्सिशिन यांची ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ आली, जी पुढे ह्यूगो जिंकणारी पहिली अनुवादित कादंबरी ठरली. २०१७पासून नामांकनांची मोजणी बदलली. आता प्रत्येक सभासदाच्या एका गुणाची त्याने सुचवलेल्या कलाकृतींत समान विभागणी होते, सर्वांत कमी गुण असलेल्या दोघांपैकी कमी नामांकने मिळालेली कलाकृती बाद होते, तिच्या वाट्याचे गुण त्या सभासदाच्या उरलेल्या कलाकृतींकडे जातात, आणि सहा उरेपर्यंत हे चालते. एकाच गटाने सगळ्या जागा बळकावणे त्यामुळे अवघड झाले आहे.

नियम चांगले असले तरी राबवणारे चुकू शकतात, हे २०२३ साली चीनमधल्या चेंगदू शहरात भरलेल्या वर्ल्डकॉनने दाखवले. आर. एफ. कुआंग यांच्या ‘बेबल’ या कादंबरीला त्या वर्षी मे महिन्यात नेब्युला मिळाला होता. अनुवादात निसटणाऱ्या अर्थावर चालणारी जादू आणि ऑक्सफर्डमधली वसाहतवादी सत्ता असा तिचा विषय आहे. ह्यूगोच्या अंतिम यादीत ती नव्हती. पुढे जानेवारी २०२४मध्ये नामांकनांची आकडेवारी प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्यापुढे ‘अपात्र’ असा शेरा आढळला, कारण मात्र दिलेले नव्हते. त्यानंतर बाहेर आलेल्या ई-मेलांतून, व्यवस्थापकांनी काही लेखकांच्या राजकीय मतांची माहिती गोळा केली होती हे उघड झाले. हा अन्याय होता आणि त्याची भरपाई होऊ शकत नाही. पण ह्यूगोची सविस्तर आकडेवारी जाहीर करण्याचा नियम नसता, तर तो कोणाच्या लक्षातही आला नसता.

वाचनासाठी यादी हवी असेल, तर मी विजेत्यापेक्षा ह्यूगोच्या सहा नावांकडे आधी पाहीन, कारण चाहत्यांमध्ये वर्षभर कशावर बोलणे झाले ते त्यातून समजते. आणि त्या सहांत नसलेली नेब्युलाच्या यादीतली नावे त्यानंतर घेईन. लघुकादंबरीचा विभाग मराठी वाचकाने अजिबात चुकवू नये. दिवाळी अंकांनी आपल्याला एका बैठकीत संपणाऱ्या मोठ्या कथेची सवय लावलेली आहे आणि १७,५०० ते ४०,००० शब्दांच्या या आवाक्यात सध्या फार चांगले लेखन होत आहे. रे नेलर यांची ‘द टस्क्स ऑफ एक्स्टिंक्शन’ ही २०२५ साली ह्यूगो मिळालेली लघुकादंबरी त्याचे उत्तम उदाहरण आहे. शिकाऱ्यांनी मारलेल्या हत्ती-संशोधिकेचे मन सायबेरियात पुन्हा जन्माला घातलेल्या मॅमथांच्या कळपप्रमुख मादीत ठेवले जाते, ही तिची कल्पना.

मत द्यायचे असेल, तर पुण्यात किंवा पणजीत बसूनही देता येते. मतदानाचे सभासदत्व घेतल्यावर अंतिम यादीतील बरेचसे साहित्य डिजिटल स्वरूपात वाचायला मिळते. ते किती द्यायचे हे प्रकाशक ठरवतात, काही जण केवळ उतारा देतात. अंतिम मतदान त्याच वर्षीच्या सभासदांपुरते असते, मात्र पुढच्या वर्षीच्या ह्यूगोसाठी नामांकन करण्याचा हक्क त्याच सभासदत्वावर मिळतो.