रुग्णसुरक्षेचा राष्ट्रीय आराखडा : पार्श्वभूमी

मुंबईतील एका मोठ्या सरकारी रुग्णालयात १९८६ साली भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. चौकशी आयोग नेमला गेला आणि औषधखरेदीतील गैरप्रकार चव्हाट्यावर आले. उपचारांतून होणाऱ्या इजांची देशभर नोंद ठेवण्याचे आजचे कार्यक्रम मात्र त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आणि तुकड्यातुकड्यांनी उभे राहिले : औषधांसाठी २०१०, रक्तसंक्रमणासाठी २०१२ आणि वैद्यकीय उपकरणांसाठी २०१५. रुग्णसुरक्षेची सगळी कामे एका सूत्रात आणण्यासाठी २०१८ ते २०२५ या काळाचा राष्ट्रीय आराखडा आखण्यात आला.

या आराखड्यातील 'प्रतिकूल घटना', म्हणजे मूळ आजारामुळे नव्हे तर उपचारांतून रुग्णाला झालेली इजा, ही संज्ञा सर्वाधिक घोटाळ्याची ठरते. आधी कधीही त्रास न झालेल्या रुग्णाला पेनिसिलिनची तीव्र ॲलर्जी आली, तर इजा झाली, पण चूक कोणाचीच नाही. उलट शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचे इंजेक्शन सिरिंजमध्ये भरले गेले आणि ते टोचण्यापूर्वी परिचारिकेच्या लक्षात आले, तर चूक झाली, पण इजा टळली. सुरक्षेच्या दृष्टीने दोन्हींची नोंद मोलाची आहे आणि दुसरीची तर अधिकच, कारण किंमत न मोजता मिळालेला तो इशारा असतो. 'हयगय' हा मात्र कायद्यातला शब्द असून तो व्यक्तीकडे बोट दाखवतो. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. डॉक्टरवर फौजदारी जबाबदारी टाकण्यासाठी हयगय गंभीर स्वरूपाची असली पाहिजे, हे २००५ मध्ये स्पष्ट केले. रुग्णांना दाद मागता यावी म्हणून हे आवश्यकच होते. परंतु वर्तमानपत्रांपासून वॉर्डापर्यंत प्रत्येक प्रतिकूल घटना 'हलगर्जीपणा' या एकाच शब्दात बसवली जाऊ लागली.

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी नवजात शिशुकक्षाला आग लागून १० बालकांचा मृत्यू झाला. त्या प्रकरणात परिचारिकांवरही गुन्हा दाखल झाला.

नोंद ऐच्छिक ठेवावी की सक्तीची, हा वाद गुन्हा दाखल होण्याच्या याच भीतीतून येतो. औषधांच्या दुष्परिणामांच्या अर्जावर रुग्णाची केवळ आद्याक्षरे मागितली जातात आणि अर्ज भरणे म्हणजे दोषाची कबुली नव्हे, असे स्पष्ट छापलेले असते. डॉक्टरांनी स्वेच्छेने नोंद करावी, ही पद्धत या हमीवरच उभी आहे आणि ती योग्यच आहे. आराखडा हा कायदा नसल्याने इतर प्रतिकूल घटना कळवणाऱ्यांना तो कायदेशीर संरक्षण देऊ शकत नाही. दरम्यान १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेने, उपचार करताना डॉक्टरच्या हयगयीने झालेल्या मृत्यूसाठी दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद ठेवली आहे.